कोरीने काचेवर अंडी दिली, पुढे काय? (नाशिकच्या पाण्याच्या हिशेबाने)

काचपेटी:
पावसाळा लागला की "काचेवर साबुदाण्यासारखं काय चिकटलंय?" हा प्रश्न हमखास येतो. ती कोरीची, म्हणजे माशांच्या टाकीत तळाशी फिरणाऱ्या छोट्या मिशाळ माशाची (कोरिडोरास) अंडी. साबुदाण्यापेक्षा लहान, दीड ते दोन मिलिमीटरची, सुटी किंवा चार-पाचच्या पुंजक्यात. गोगलगायीची अंडी जेलीच्या गोळ्यात असतात, म्हणून गोंधळ नको. दरवेळी तेच उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच धागा काढतो. चुकलं तर जाणकारांनी टोकावं.

पावसातच का? कोरी मूळ दक्षिण अमेरिकेतली. तिथे पावसाचं थंड पाणी नदीत उतरलं की ती अंड्यावर येते. आपल्याकडे आभाळ भरतं, हवेचा दाब उतरतो, नळाचं पाणी टाकीतल्यापेक्षा तीन-चार अंशांनी थंड असतं आणि आपण नेमकं तेच ४० टक्के बदलतो. तिला वाटतं पूर आला. ठरवून करायचं असेल तर एका मादीमागे दोन नर ठेवा, आठवडाभर जिवंत किंवा फ्रोजन खाणं द्या, मग थंड पाण्याने मोठा बदल करा. मादी वरून पाहिली की ओळखू येते, कमरेत रुंद असते.

मादी नराच्या पोटाशी तोंड लावून इंग्रजी टी अक्षरासारखी उभी राहते. मग पोटाखालच्या परांची ओंजळ करून तीत दोन ते दहा अंडी धरते आणि काचेवर, पानावर, हीटरवर, मिळेल तिथे चिकटवत फिरते. हे तासन्‌तास चालतं. या वेळात टाकीत हात घालू नका. मध्येच थांबली तर उरलेली अंडी कुठेतरी वाळूत टाकून देते.

काढायची कधी? नुकतं चिकटवलेलं अंडं मऊ असतं, दाबलं की फुटतं. तास-दोन तासांत कवच टणक होतं. पण सकाळपर्यंतही थांबू नका, कारण आईबापच ती खातात. सोबत गप्पी, टेट्रा किंवा एंजल असेल तर विषयच संपला. सगळं शांत झालं की तासाभराने कामाला लागा.

काढायची कशी? ओल्या बोटाच्या पेराने काचेवरून हलकेच लोळवायची. उचकटायची नाहीत. बोटालाच चिकटून येतात, मग डब्याच्या भिंतीला लावली की तिथे बसतात. जुनं एटीएम कार्ड काचेला तिरकं धरून सरकवलं तरी चालतं. ब्लेड नको, अंडं चिरतं. मॉसमध्ये (टाकीतल्या शेवाळासारख्या वनस्पतीत) असतील तर मॉसचा झुपकाच उचला.

डबा एक-दोन लिटरचा, पारदर्शक, आईस्क्रीमचा चालेल. साबणाने धुतलेला नको. पाणी त्याच टाकीतलं, आठ-दहा सेंटिमीटर. डबा टाकीतच तरंगत ठेवून कपड्याच्या चिमट्याने काठाला अडकवायचा, म्हणजे तापमान आपोआप सारखं राहतं. आत एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड), वाल्वने हवा कमी केलेली. बुडबुडे थेट अंड्यांवर नकोत, पण अंड्यांवरून पाणी सतत सरकलं पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं हेच. पाणी थांबलं की बुरशी आलीच म्हणून समजा.

इंदिरानगरवाली:
छान लिहिलंत. बाकी सगळं समजलं, पण बुरशीसाठी डब्यात टाकतात त्या निळ्या औषधाचं, मिथिलीन ब्लूचं, प्रमाण कुणी नीट सांगेल का? बाटलीवर नुसतं "दोन-चार थेंब" लिहिलंय. किती पाण्याला, ते नाही.

मोजमाप:
ताई, बाटलीवरची टक्केवारी बघा. १ टक्का द्रावण म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. अंड्यांसाठी लिटरमागे २ मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे ०.२ मिली. साधारण २० थेंबांचा १ मिली होतो, तेव्हा लिटरला ४ थेंब. पण थेंबांवर भरवसा ठेवण्यापेक्षा मेडिकलमधून १ मिलीची इन्सुलिनची सिरिंज आणा, पाच-दहा रुपयांचं काम. बाटलीवर टक्केवारीच नसेल तर ती बाटली घेऊ नका.

रंग फिकट आभाळासारखा हवा आणि डब्यापलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. शाईसारखा गडद झाला तर अंडीच दिसत नाहीत, मग मेलेली, पांढरी पडलेली निवडणार कशी?

दुसऱ्या दिवसापासून रोज अर्धं पाणी बदला, त्यात नव्याने ब्लू घालायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी फुटेपर्यंत पाणी जवळजवळ साफ होतं आणि तसंच हवं. हे पाणी मोठ्या टाकीत ओतू नका, फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात. ओट्यावर, फरशीच्या सांध्यात सांडलं तर डाग जात नाही. घरच्यांशी आधी बोलून घ्या.

पाणकावळा:
ब्लूला माझा विरोध नाही, पण त्याची सवय वाईट. ब्लू टाकलं की लोक निर्धास्त होतात आणि पांढरी अंडी काढतच नाहीत. बुरशी मेलेल्या अंड्यावर धरते, तिथून कापसासारखे धागे शेजारच्या जिवंत अंड्यावर पसरतात. शेवटी ड्रॉपर घेऊन सकाळ-संध्याकाळ पांढरं अंडं उचलणं, हाच इलाज.

औषध हवंच असेल तर देशी बदामाचं पान वापरा. आपल्याकडे कितीतरी सोसायट्यांच्या कंपाऊंडला हे झाड आहे. खायचा बदाम नव्हे, ते लाल-तपकिरी होऊन गळणारं मोठं पान. झाडावरचं हिरवं तोडू नका, गळून पूर्ण वाळलेलं घ्या. रस्त्यालगतचं, धूळ-धुरातलं किंवा फवारणी झालेलं नको. धुवा, तळहाताएवढा तुकडा दोन लिटरच्या डब्याला पुरे. पाणी फिक्या चहासारखं होतं. पानातलं टॅनिन बुरशीला आवरतं. पिल्लं निघाली की त्याच पानाखाली लपतात आणि पानावर वाढणारे सूक्ष्मजीव चरत बसतात. ब्लूमध्ये हा दुसरा फायदा नाही.

मोजमाप:
पान चांगलंच आहे, पण त्याची मात्रा मोजता येत नाही. एका पानात किती टॅनिन, कोण सांगणार? पन्नासातली चाळीस अंडी फलित असतील तर पान पुरतं. निम्मी पांढरी पडत असतील तर ब्लू घ्यावं.

पाणकावळा:
निम्मी पांढरी पडत असतील तर दोष नराचा, बाटलीचा नाही 🙂

सातपूरकर:
हळद चालेल का? जंतुनाशक असते म्हणतात. आणि मीठ? तुरटी?

काचपेटी:
तिन्ही नको. हळद पाण्यात विरघळत नाही, गाळ होऊन अंड्यांवर बसते आणि पाणी सरकायचं थांबतं. मीठ कोरीला सोसत नाही, नुकत्या निघालेल्या पिल्लाला तर अजिबात नाही. तुरटीने गढूळ पाणी निवळतं खरं, पण ती अंड्यांच्या डब्यात घालायची नसते, तिने पीएच घसरतो.

इंदिरानगरवाली:
पांढरं म्हणजे नेमकं कसं? काही अंडी दुधट दिसतात, काही चहाच्या रंगाची होत चालली आहेत.

भिंगवाला:
चहाचा रंग म्हणजे चांगली बातमी. मोबाईलच्या टॉर्चने मागून उजेड टाका आणि पुढून भिंग धरा. पहिल्या दिवशी अंडं जवळजवळ पारदर्शक किंवा फिकट पिवळसर असतं. फलित असेल तर दुसऱ्या दिवसापासून मधाचा, मग तपकिरी रंग चढतो. आत स्वल्पविरामासारखी वाकडी रेघ दिसते, तोच गर्भ. तिसऱ्या दिवशी दोन काळे ठिपके म्हणजे डोळे आणि अधूनमधून शेपटीचा झटका. अल्बिनोमध्ये काळे ठिपके शोधू नका, डोळे गुलाबी असतात. तिथे हालचालीवरूनच ओळखायचं.

अफलित अंडं बारा ते चोवीस तासांत अपारदर्शक, चुन्यासारखं पांढरं होतं. एक-दोन दिवसांत त्यावर लव येते. दुधट पण अजून स्वच्छ दिसणारं अंडं लगेच फेकू नका. सुटं करून डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा, रात्रीत काय ते कळतं. पुंजके दिसले तर मऊ ब्रशने पहिल्याच दिवशी मोकळे करा. मधलं अंडं मेलं की चारी बाजूंची जातात.

२५ अंशांना तीन ते पाच दिवसांत फुटतात. रिकामं कवच टिकलीएवढं, काचेच्या पापुद्र्यासारखं दिसतं. ड्रॉपरने काढून टाका, तेही कुजतं.

सातपूरकर:
आमच्याकडे बहुतेक सगळीच पांढरी झाली. पाणी स्वच्छ, एअर चालू. काय चुकलं असेल?

पाणकावळा:
क्रमाने तपासा. नर आहेत का? दुकानात एकाच आकाराच्या निवडून घेतल्या की बरेचदा सगळ्या माद्या निघतात आणि मादी नराशिवायही अंडी चिकटवते. नर असतील तर वय बघा, लहान नराचं पहिल्या खेपेला असंच होतं, दोन-तीन खेपा जाऊ द्या. तापमान २९-३० असेल तर तेही कारण. आणि अंडी देताना फिल्टरचा जोराचा झोत अंगावर असेल तर फलन नीट होत नाही. त्या वेळी पॉवरहेड (जोराचा झोत सोडणारा पंप) बंद आणि हवेवर चालणारा स्पंज फिल्टर चालू ठेवा.

मेरीकर:
तापमानाचा विषय निघालाच आहे तर नाशिकचं गणित सांगतो. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली उतरतो आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळिशीला टेकतो. दोन लिटरच्या डब्याला याचा थेट फटका बसतो.

थंडीत डबा टेबलावर सुटा ठेवू नका. तो टाकीत तरंगवा, नाहीतर एक रुंद टब घ्या, त्यात पाणी आणि ५० वॅटचा हीटर आणि त्या पाण्यात डबा. हीटर थेट छोट्या डब्यात टाकायचा नाही. थर्मोस्टॅट बंद होईपर्यंत पाणी चार अंशांनी वर जातं. २० अंशांना अंडी फुटायला आठवडा लागतो आणि तेवढ्यात बुरशी पुढे निघून जाते.

उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. बाष्पीभवनाने पातळी घटते आणि वरची अंडी उघडी पडतात, म्हणून अंडी पाण्याच्या पातळीपासून बोटभर खालीच लावा. बर्फाची बाटली मोठ्या टाकीत ठीक, डब्यात नको.

जातही हवामान बघून निवडा. पेपर्ड कोरी अर्जेंटिना-उरुग्वेकडची, थंडी सोसते, इथल्या हिवाळ्यात खूश. स्टर्बाय उष्णता सोसते, २७-२८ ला आरामात राहते. ब्राँझ मधली आणि नवख्यांसाठी सगळ्यात सोपी. पांडाचा मोह उन्हाळ्यात टाळा.

नावांचा_किडा:
जाता जाता एक: २०२४ साली कोरिडोरासचं वर्गीकरण बदललं. ब्राँझ आता ऑस्टिओगास्टर आणि पेपर्ड हॉप्लिसोमा वंशात गेली. परदेशी साइटवर नवी नावं दिसली तर घाबरू नका, मासा तोच.

काचपेटी:
दुकानात मात्र "कोरी" म्हणूनच मागा, ऑस्टिओगास्टर मागितलं तर औषधाच्या दुकानात पाठवतील.

गढूळ:
पाणी महापालिकेचं वापरावं की बोअरचं?

मोजमाप:
महापालिकेचं, त्यातलं क्लोरीन काढून. गंगापूर धरणाचं पाणी बोअरपेक्षा मऊ असतं. बोअरचं पाणी काळ्या कातळातून येतं, बऱ्याच भागांत कडक असतं. आईबापांची टाकी बोअरच्या पाण्यावर असेल तर मात्र अंड्यांनाही तेच द्या, एकदम बदल नको.

क्लोरीनसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. १०० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करा, मग १ मिलीत १०० मिलिग्रॅम. १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) क्लोरीनला लिटरमागे साधारण ७ मिलिग्रॅम धरायचं. नळाला २ पीपीएम धरलं तर १० लिटरच्या बादलीला १४० मिलिग्रॅम, म्हणजे दीड मिली. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं आणि क्लोरीनचा वास जास्त असला तर दोन मिली. बादली एअर स्टोन लावून रात्रभर ठेवलीत तर हायपो नसला तरी बहुतेक क्लोरीन उडून जातं, पण पिल्लांच्या बाबतीत "बहुतेक"वर विसंबू नका.

इंदिरानगरवाली:
आज सकाळी अकरा पिल्लं दिसली! खायला काय द्यायचं? उकडलेल्या अंड्याचा बलक?

भिंगवाला:
अभिनंदन ताई! दोन दिवस काहीच देऊ नका. पोटाखाली बलकाची पिशवी असते, तिच्यावरच जगतात. पिशवी सपाट झाली आणि पिल्लं तळाशी नाक खुपसत फिरायला लागली की पहिलं खाणं. कोंबडीच्या अंड्याचा बलक अजिबात नको, दोन लिटर पाणी एका रात्रीत नासतं.

आर्टेमिया काढा, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची नुकती निघालेली पिल्लं. सुरुवात आजच करा, म्हणजे वेळेवर मिळेल. एक लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तळ कापून उलटी टांगलेली, टोपण घट्ट. आत पाऊण लिटर पाणी, २० ग्रॅम साधं खडेमीठ, चिमूटभर खायचा सोडा आणि पाव चमचा आर्टेमियाची अंडी. कडक नळी वरून थेट तळापर्यंत, हवा जोरात, म्हणजे अंडी तळाशी बसत नाहीत. शेजारी दिवा, तापमान २६ ते २८. चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी धूळ नाचताना दिसते.

मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. कवचं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाशी बसतात. उजेड खालच्या बाजूला धरला की जिवंत आर्टेमिया तिथे गोळा होतो. एअरची नळी घालून तो भाग सुती रुमालावर ओढून घ्या. गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय देऊ नका, नाहीतर मीठ डब्यात जातं. कवचंही गेली तर पिल्लांच्या पोटात अडकतात.

दिवसातून दोन-तीनदा, थोडं-थोडं. पिल्लाचं पोट नारिंगी दिसलं की पोचलं म्हणायचं. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासच जगतो, उरलेला दोन-तीन तासांनी ओढून काढा.

पाणकावळा:
रोजच्या या खटाटोपाला पर्याय मायक्रोवर्म, म्हणजे घरी वाढवता येणारे सुतासारखे बारीक किडे. ओट्सची घट्ट पेज थंड करून पसरट डब्यात बोटभर थर, वर चिमूटभर यीस्ट, कुणाकडून तरी चमचाभर कल्चर (किड्यांचं विरजण) आणि झाकणाला टाचणीची भोकं. चार-पाच दिवसांत किडे डब्याच्या कडांवर चढतात, बोटाने पुसून घ्या. पाण्यात तळाशी जातात आणि कोरी तळाशीच खाते, म्हणून सोयीचं. आंबट वास चालेल, कुजका वास आला की नवीन लावा.

गढूळ:
पिल्लं निघतात पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकेक करत जातात. खाणं देतो, पाणीही बदलतो.

काचपेटी:
अंड्यांपेक्षा या टप्प्यात नुकसान जास्त आणि कारण बहुतेक वेळा तळ. पिल्लं तळाला टेकून बसतात. तिथे बुळबुळीत थर धरला की पोट आणि मिशा लाल होतात, मग पर झडतात. वरचं पाणी आरशासारखं दिसतं आणि माणूस फसतो. बोटाने तळ पुसून बघा, बोट घसरलं तर उत्तर मिळालं.

रोज एअरच्या नळीने तळ ओढायचा, बादलीत नाही, पांढऱ्या भांड्यात, म्हणजे ओढली गेलेली पिल्लं दिसतात. मग मऊ स्पंजचा तुकडा तळावरून फिरवा. नवीन पाणी त्याच तापमानाचं, नळीतून थेंब-थेंब. एक अंशापेक्षा जास्त फरक नको. काही जण तळाला धुतलेल्या बारीक वाळूचा अगदी पातळ थर देतात, तेही चांगलं, पण वाळू जाड झाली की घाण आत दडते.

पाणी खोल ठेवू नका. कोरी वर येऊन हवा गिळते, पिल्लांनाही ती सवय लवकर लागते. पहिले दोन आठवडे आठ-दहा सेंटिमीटर पुरे.

सातपूरकर:
सकरची (काचेला तोंडाने चिकटणाऱ्या माशाची) अंडी पण अशीच करायची का? माझ्या ब्रिसलनोज जातीच्या सकरचा नर गुहेतून पिवळा गठ्ठा बाहेर ढकलतोय.

मेरीकर:
त्यात फरक आहे. ब्रिसलनोजचा नर स्वतः राखण करतो, परांनी पंखा घालतो, म्हणून नर बसलेला असेल तर हात लावू नये. पहिलटकर नर कधीकधी गठ्ठा बाहेर टाकतो, तेव्हाच आपण मध्ये पडायचं. अंडी मोठी, नारिंगी, एकमेकांना चिकटलेली. गठ्ठा सुटा करत बसू नका. त्याला चहाच्या गाळणीत ठेवा, गाळणी टाकीत बुडवून काठाला अडकवा आणि खालून एअर स्टोन असा लावा की गठ्ठा जागच्या जागी किंचित हलत राहील. गरगर फिरायला नको. २६ अंशांना चार ते सहा दिवसांत फुटतात. बलकाची पिशवी मोठी, ती संपायला आणखी तितकेच दिवस. मग काकडी, उकडलेला दुधी आणि चघळायला लाकडाचा तुकडा. आर्टेमिया लागत नाही.

गढूळ:
आणि लाईट गेली तर? आमच्याकडे वीज कधी जाईल भरवसा नाही.

मोजमाप:
यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणि पॉवर बँक. पंप जेमतेम एक-दोन वॅट खातो, १०,००० एमएएचची पॉवर बँक रात्र काढते. एकच पथ्य: पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत चेक वाल्व (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) घाला. वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं.

हाताशी काहीच नसेल तर डब्यातली पातळी चार-पाच सेंटिमीटरवर आणा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने ड्रॉपरने अंड्यांवर पाणी मारत राहा.

इंदिरानगरवाली:
सगळं टिपून घेतलं. पिल्लं मोठ्या टाकीत कधी सोडू?

काचपेटी:
सेंटिमीटरभराची होऊन पाठीवरच्या चिलखताच्या पट्ट्या दिसायला लागल्या की, म्हणजे साधारण महिना-दीड महिन्याने. आधी वेगळ्या २०-२५ लिटरच्या टाकीत, स्पंज फिल्टरवर. आईबापांच्या टाकीत दीड-दोन सेंटिमीटरची झाल्यावर. जाळीने पकडू नका, छातीच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मोडतात. वाटीने उचला. आणि जास्त झाली तर इथेच सांगा, घेणारे भरपूर आहेत. गोदावरीत सोडायची नाहीत.

पाणकावळा:
ताई, त्यातली चार माझ्या नावाने बाजूला ठेवा. बदल्यात मायक्रोवर्मचं कल्चर देतो.